मैत्रिणींसोबत थीम पार्क: बेळगावातून पहिल्यांदा निघणाऱ्यांसाठी

यात्रेत पाळण्यात बसताना जी तुमचा हात नखं रुतेपर्यंत घट्ट धरते ना, ती मैत्रीण आधी डोळ्यासमोर आणा आणि मगच थीम पार्कचा प्लॅन करायला घ्या. हे पहिल्यांदाच सांगतेय कारण आम्ही बरोबर उलटं केलं होतं. आमच्या सहा जणींच्या ग्रुपमध्ये दोघी एकदम डेअरिंगवाल्या, त्यांनी व्हिडिओ बघून बघून यादी केली, कुठली राइड किती उंच, कुठली आधी कुठली नंतर, आणि बाकी आम्ही चौघी त्यांच्या मागनं. खानापूर भागातली आमची एक मैत्रीण घरातनं निघतानाच म्हणाली होती, "मी येतो गं, पण वर काय बसत नाही, तुमच्या बॅगा सांभाळतो." आम्ही तिचं ऐकलं नाही. हाताला धरून लाईनीत उभी केली, चल गं काय होत नाही म्हणून बसवली, आणि ती उतरली तेव्हा तिचे ओठ पांढरे पडलेले. कुणाशी काही बोलली नाही, ज्यूसच्या स्टॉलशेजारच्या बाकावर जाऊन बसली ती संध्याकाळपर्यंत तिथंच. त्या दिवशीच्या फोटोत ती कुठंच नाही.

त्यानंतर आम्ही तीनदा गेलोय, दोनदा बेंगळूरला, एकदा खोपोलीला, आणि तिन्ही वेळेला ती बरोबर होती. काय बदललं ते खाली क्रमानं लिहिते. हे मुख्यतः बायका-मुलींच्या ग्रुपसाठी आहे, पण पोरांनी वाचलं तरी उपयोग होईल.

आधी ठरवा कुठं जायचं

आपण बेळगावकर बरोबर मधे पडतो. दक्षिणेला बेंगळूरचं वंडरला, उत्तरेला खोपोलीजवळचं इमॅजिका. वंडरला बिडदीला आहे, म्हैसूर रोडवर, बेंगळूर शहरापासून साधारण २८ किलोमीटर, २००५ साली सुरू झालं. व्ही-गार्ड स्टॅबिलायझर घरी असतो ना, त्याच व्ही-गार्डचे कोचुसेफ चिट्टिलापिळ्ळी यांनी ते उभं केलं, त्यांचं पहिलं पार्क २००० साली कोचीला झालं होतं. इमॅजिका २०१३ मधलं, मुंबई-पुणे एक्सप्रेसवेपासून जवळ, पुढच्या वर्षी तिथं वॉटर पार्क आलं आणि मग स्नो पार्क.

अंतर बघितलं तर बेळगावहून खोपोली ४०० किलोमीटरच्या वर आणि बेंगळूर ५०० च्या आसपास, म्हणजे निपाणी, संकेश्वर, चिकोडीवाल्यांना खोपोलीच सोयीचं. पण बेळगाव, खानापूर, कित्तूर बाजूच्या आणि पहिल्यांदाच निघणाऱ्या ग्रुपला मी बेंगळूरच सांगीन. कारण रात्रीची रेल्वे आहे, झोपून जायचं झोपून यायचं. दुसरं म्हणजे वंडरलाला जमिनीवरच्या राइड्स आणि पाण्याच्या राइड्स एकाच तिकिटात येतात, इमॅजिकात थीम पार्क, वॉटर पार्क, स्नो पार्क ह्यांची तिकिटं वेगळी, त्यामुळं एका दिवसात दोन्ही करायला गेलं की पैसेपण जातात आणि धावपळपण होते. आणि घाबरणाऱ्या बाईला पाणी बरं वाटतं, तिला दिवसभर करण्यासारखं काहीतरी असतं.

इमॅजिकाच्या बाजूनं बोलायचं तर तिथं गोष्टीवाल्या, आत बसून बघायच्या राइड्स चांगल्या आहेत, डायनासोरमधनं जाणारी होडी, अलीबाबाच्या गुहेतली बंदूक घेऊन खेळायची राइड, असल्या. ग्रुपमध्ये कुणाची आई किंवा सासू येणार असेल तर ते जमतं. दोन दिवस हातात असतील तर खोपोलीला खोली घेऊन एक दिवस थीम पार्क आणि एक दिवस पाणी असं करा, आम्ही तसंच केलं आणि मजा आली.

कधी जायचं, इथं आपला सीमाभागाचा फायदा आहे

शनिवार-रविवार नको. लागून आलेल्या सुट्ट्या तर अजिबातच नकोत, तिकीटही महाग आणि एकेका राइडला तासभर उभं राहायचं. मंगळवार, बुधवार, गुरुवार धरा.

आता खरी गंमत सांगते. कर्नाटकातल्या शाळांना दसऱ्याची सुट्टी मोठी असते आणि महाराष्ट्रात दिवाळीची मोठी. उन्हाळ्यातपण कर्नाटकातल्या शाळा एप्रिलमध्येच सुटतात आणि मे संपता संपता किंवा जूनच्या सुरुवातीला भरतात, महाराष्ट्रातल्या जूनच्या मध्यापर्यंत बंद. म्हणजे दसऱ्यात बेंगळूरला मुंगी शिरायला जागा नसते तेव्हा खोपोलीला त्यामानानं बरं, आणि दिवाळीची महाराष्ट्राची सुट्टी चालू असते तेव्हा मधल्या वारी बेंगळूर बरं. जूनच्या पहिल्या पंधरवड्यातपण तसंच, आपली पोरं शाळेत गेलेली, बेंगळूर मोकळं. आपल्याला दोन्हीकडचं कॅलेंडर घरबसल्या माहीत असतं, निम्मे नातेवाईक कोल्हापूर-सांगलीला, तर त्याचा उपयोग करून घ्या की.

पावसाचं म्हणाल तर खोपोली घाटाच्या पायथ्याला, जुलै-ऑगस्टमध्ये तिथं धो धो पडतो आणि मोठा पाऊस, वीज, वारा असला की उंच राइड्स बंद ठेवतात, ठेवायलाच पाहिजेत. बेंगळूरला सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये संध्याकाळी पाऊस येतो, तेव्हा तिथं मोठ्या राइड्स सकाळीच उरकायच्या.

आणि बायकांनी पाळीच्या तारखा आधी एकमेकींना सांगून टाका, त्यात लाजण्यासारखं काही नाही. सगळ्यांचं जुळणं कठीण असतं, पण जिची तारीख जवळ आहे तिनं कप किंवा टॅम्पॉन वापरता येतो का बघावं, पॅड लावून पाण्यात उतरता येत नाही. नाहीतर तिच्यासाठी त्या दिवशी कोरड्या राइड्स जास्त ठेवायच्या आणि एकीनं तिच्याबरोबर थांबायचं.

पैसे

भिशी लावा. आम्ही सहा जणींनी दहा महिने महिन्याला ठरावीक रक्कम एकीकडं जमा केली, नंबर लावायचा नाही, सगळी रक्कम ट्रिपलाच. शेवटच्या आठवड्यात "माझं ह्या महिन्यात जमत नाही गं" हे होत नाही आणि जिच्या हातात स्वतःचे पैसे कमी असतात तिलाही ताठ मानेनं येता येतं. तिकीट ऑनलाईन आधी काढलं तर बहुतेक वेळा स्वस्त पडतं, आणि कॉलेजच्या मुलींनी आयडी कार्ड न्यायचं विसरू नका, वंडरलात विद्यार्थ्यांना सूट असते. लाईन टाळायचं जादा पैशाचं फास्टट्रॅक तिकीट मधल्या वारी गेलात तर लागत नाही, तेवढ्या पैशात संध्याकाळचं जेवण होतं.

लहान मुलं न्यायची असतील तर त्यांना भिंतीला उभं करून उंची मोजून ठेवा. तिथं वय कुणी विचारत नाही, उंची बघतात, आणि बऱ्याच मोठ्या राइड्सना १४० सेंटीमीटरच्या आसपास उंची लागते. दारात जाऊन परत फिरवलं की पोर रडून गोंधळ घालतं, घरातच सांगितलेलं बरं.

जायचं कसं

बेंगळूरसाठी संध्याकाळी किंवा रात्री बेळगावातनं बसलं की सकाळी उतरतो. राणी चन्नम्मा एक्सप्रेस आहे, शिवाय बेळगावहूनच सुटणारी दुसरी एक रात्रीची सुपरफास्टपण आहे. वंदे भारत २०२५ च्या ऑगस्टपासून चालू झाली, पण ती पहाटे निघून दुपारी पोचते, पार्कच्या दिवसासाठी तिचा उपयोग नाही, आदल्या दिवशी जाऊन राहणार असाल तर ठीक. आम्ही चन्नम्मानं गेलो होतो आणि गाडी स्टेशनात शिरताना आमच्यातली शाळेत इतिहास शिकवणारी म्हणाली, बघा गं, कित्तूरच्या राणीच्या नावाच्या गाडीतनं आलो आणि तिच्याच सरदाराच्या, संगोळ्ळी रायण्णाच्या नावाच्या स्टेशनात उतरतोय, दोघंपण आपल्याच जिल्ह्यातली. मला ते फार बरं वाटलं, अजून आठवतं.

स्टेशनात क्लोक रूम आहे, जादा बॅगा तिथं टाका. तोंड धुऊन, चहा घेऊन जांभळ्या लाईनीची मेट्रो धरा, ती थेट केंगेरी आणि पुढं चल्लघट्टापर्यंत जाते. तिथनं म्हैसूर रोडवर बिडदीकडं जाणारी बस किंवा रिक्षा. रिक्षावाल्याशी कन्नडमध्ये बोला, आपलं कन्नड धारवाडी वळणाचं असतं पण चालतं, "अण्णा, गेट हत्तिर निल्लिसि" (गेटजवळ थांबवा) एवढं म्हटलं तरी बस्स. सहा जणी असाल तर स्टेशनातनंच मोठी कॅब केली तर हिशेब जवळपास तेवढाच पडतो आणि दमणूक वाचते.

बिडदीला पोचलात की पार्कच्या आधी तट्टे इडली खा. ताटलीएवढी चपटी इडली, कापसासारखी, वर लोणी, बिडदी त्यासाठीच प्रसिद्ध आहे. दोन पुरेत, तीन खाल्ल्या तर राइडवर पस्तावाल.

खोपोलीला जायला मुंबईच्या रात्रीच्या स्लीपर बस एक्सप्रेसवेवरनं जातात, खालापूरजवळ उतरवतात, पण पहाटे अंधारात सहा बायका हायवेला उतरणं मला पटत नाही. आम्ही क्रूझर केली होती. गाडी ठरवताना मालकाला दोन गोष्टी विचारा, महाराष्ट्राचं परमिट भरलंय का, आणि ड्रायव्हर त्या दिवशी झोपणार कुठं. आपण दिवसभर आत मजा करतो आणि तो पार्किंगमध्ये उन्हात गाडीत बसून राहिला तर परतीच्या रात्री त्याचा डोळा लागणारच. त्याच्यासाठी खोलीचे पैसे धरा, आणि रात्रीच परत फिरायचा हट्ट करू नका.

अंगावर काय घालायचं

ह्यावर मी जास्त लिहिणार आहे कारण पहिल्या वेळेला आमचा निम्मा वेळ इथंच गेला.

पाण्यात कॉटन चालत नाही. सुती कपडा पाणी पितो, जड होतो, घसरगुंडीवर अडकतो आणि त्याचे धागे पाण्यात जातात, म्हणून दारावरच अडवतात. साडी, दुपट्टा, जीन्स नाही चालत. नायलॉन किंवा लायक्राचे कपडेच लागतात. ज्यांना स्विमिंग कॉश्च्युम नको वाटतो त्यांनी काळी नायलॉन लेगिंग आणि वर पूर्ण बाह्यांचा सिंथेटिक टी-शर्ट घ्यायचा, मांडीपर्यंत येणारा, गडद रंगाचा. पांढरा किंवा फिका अजिबात नको. हे सगळं आधीच खडेबाजारात बघून घ्या, पार्कातल्या दुकानात घाईघाईत घेतलं की महाग पडतं आणि मापाचं मिळेलच असं नाही. घरी एकदा बाथरूममध्ये घालून अंगावर पाणी ओतून आरशात बघा, मग बाहेर बिनधास्त वावरता येतं. आमच्यातली एक दिवसभर टी-शर्ट खाली ओढत बसली होती, तिनं हे केलं नव्हतं.

दागिने. काचेच्या बांगड्या आदल्या रात्रीच काढून ठेवा, सेफ्टी बार धरताना एक जरी फुटली तरी मनगटाला लागते. जोडवी घसरगुंडीच्या सांध्यात अडकतात. कानात लोंबतं काही नको. क्लचर लावून राइडवर बसू नका, डोकं मागं टेकवावं लागतं आणि तो मागनं टोचतो, वेणी घालून साध्या रबरानं बांधा.

मंगळसूत्राचं मात्र समजून घ्या. आमच्यातल्या दोघींना ते काढायचं म्हणजे जिवावर आलं होतं, एकीचे तर डोळे भरले, लग्नानंतर चौदा वर्षांत काढलं नव्हतं. तिथं उभं राहून "काय गं त्यात" असं कुणी म्हणू नये. मोठं मंगळसूत्र घरी देवापाशी ठेवून यायचं आणि दोन वाट्यांचं काळ्या दोऱ्यातलं बारीक घालून यायचं, टी-शर्टच्या आत टाकायचं, हा मार्ग तिच्या सासूनंच सुचवला. तरीपण जिथं सगळंच काढा म्हणतात तिथं काढून लॉकरात ठेवावं लागतंच, ते आधी मनात धरून या.

चष्मा असेल तर मागं बांधायची दोरी आणा. चप्पल मागं पट्टा असलेली. एक जाड प्लास्टिक पिशवी ओल्या कपड्यांना, एक टॉवेल, सनस्क्रीन, मोबाईलला गळ्यात अडकवायचं वॉटरप्रूफ पाकीट, रोजची औषधं. सगळ्यांत मिळून दोनच लॉकर घ्या, आणि चावी जिच्याकडं असेल ती दिवसभर तिच्याकडंच, हातबदल नको. एकदा चावी कुणाकडं आहे ह्यावर आमचे पाऊण तास गेलेत.

आत शिरल्यावर

गेट उघडलं की सगळी गर्दी समोर दिसणाऱ्या पहिल्या राइडला चिकटते. तुम्ही सरळ मागच्या टोकाला चालत जा आणि पुढं येत या. पहिला दीड तास मोठ्या कोरड्या राइड्सचा, पोट हलकं असतं आणि लाईन लहान. पाण्याच्या राइड्स बहुतेक पार्कात उशिरा चालू होतात आणि लवकर बंद होतात, म्हणून त्यांच्या वेळा गेटवरच बघून ठेवा. दुपारी उन्हात पाणी, मग उशिरा जेवण, आणि संध्याकाळी हळू फिरणाऱ्या राइड्स, आकाशपाळणा वगैरे.

चुकामूक झाली तर कुठं भेटायचं ते आत शिरतानाच ठरवा. पाण्यात असताना फोन लॉकरात असतो, त्यामुळं "फोन करू" ह्याला काही अर्थ नाही. आमचं ठरलेलं असतं, दर दोन तासांनी लॉकरपाशी.

घाबरणाऱ्या मैत्रिणीला कसं न्यायचं

पहिलं, तिला यायचं आहे का विचारा, आणि नाही म्हणाली तर विषय संपला. हृदयाचा, मणक्याचा, मानेचा त्रास असेल, फिट येत असतील, गरोदर असेल, नुकतं ऑपरेशन झालं असेल तर मोठ्या राइड्सचं नावच नको, तिथल्या फलकावर लिहिलेलं असतं ते उगाच लिहिलेलं नसतं.

पण भीती वाटते आणि तरी करून बघायचंय अशी असेल तर पायरी पायरीनं. आमच्या खानापूरवालीला आम्ही आधी वडगावच्या मंगाई देवीच्या यात्रेत पाळण्यात बसवलं, दोनदा, तिच्याच म्हणण्यावरनं. एवढ्यानं कळतं की तिला उंचीची भीती आहे की फिरण्यानं मळमळतं, ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मळमळ होते ती डोळे एक सांगतात आणि कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग दुसरंच सांगतो म्हणून. जिला बसमध्ये घाटात उलटी होते तिला गोल गोल फिरणाऱ्या राइड्स टाळायला सांगा, वर-खाली जाणाऱ्या तिला कदाचित जमतील. गोळी घ्यायची असेल तर डॉक्टरला विचारून, त्यातल्या बऱ्याच गोळ्यांनी झोप येते.

मग पार्कात गेल्यावर झोके घेणाऱ्या जहाजात मधल्या रांगेत. टोकाच्या रांगा सगळ्यात जास्त उंच जातात, मध्ये कमी. रोलर कोस्टरमध्येपण जागेनं फरक पडतो. पहिल्या सीटवरनं सगळं समोर दिसतं. शेवटच्या सीटला सगळ्यात जोराचा झटका, कारण पुढचे डबे उतारावर लागलेले असतात आणि ते मागच्या डब्याला माथ्यावरनं ओढून नेतात, म्हणून तिथं बूड सीटवरनं उचललं जातं. घाबरणारीला मधला डबा द्या.

आणि ते यंत्र कसं चालतं ते तिला बसायच्या आधी समजावून सांगा, आमच्या मैत्रिणीला ह्याचाच सगळ्यात उपयोग झाला. कोस्टरला बहुतेक वेळा इंजिन नसतंच. साखळी किंवा दोरानं वर ओढून नेतात, चढताना जो कट कट कट आवाज येतो तो गाडी मागं घसरू नये म्हणून लावलेल्या दात्यांचा, म्हणजे तो आवाज येतोय हे चांगलं आहे. माथ्यावरनं सोडलं की पुढं सगळं स्वतःच्या वजनानं. चाकं रुळाच्या वरनं, बाजूनं आणि खालनंसुद्धा धरलेली असतात, म्हणून गाडी उलटी झाली तरी रूळ सोडत नाही. आणि मध्येच थांबली तर घाबरायचं नाही, एका टप्प्यात एकच गाडी राहील अशी सोय असते, पुढचा टप्पा मोकळा नसेल तर मागची आपोआप थांबते, रेल्वेच्या सिग्नलसारखंच की.

वंडरलातल्या रिकॉइल नावाच्या कोस्टरला आम्ही असंच गेलो. ती गाडी आधी उलटी, पाठीकडनं वर ओढून नेते, सोडते, तीन वेळा डोकं खाली पाय वर होतं आणि मग परत मागं तोच रस्ता, पुन्हा तीन वेळा. ती माझ्या शेजारी बसली होती. खांद्यावरचा बार खाली घेतला, तिथल्या पोरानं तो दाबून, ओढून बघितला, तिनं स्वतःपण दोनदा ओढून बघितला. मग म्हणाली, "धर गं माझा हात," आणि मी म्हटलं नाही, दोन्ही हातांनी बार धर, डोकं मागं टेकव आणि सुटलं की ओरड. श्वास रोखून धरला की पोटात गोळा जास्त येतो, ओरडलं की श्वास आपोआप सुटतो. गाडी वर गेली तेव्हा मला तिच्या ओठांची हालचाल दिसत होती, मंगाईचं नाव घेत होती. मग सुटलो. दीड-दोन मिनिटांचा खेळ सगळा. थांबल्यावर ती उठलीच नाही, मला वाटलं परत तेच झालं, छातीत धस्स झालं माझ्या, आणि ती म्हणते, "संपलं? एवढंच न्हवं?"

इमॅजिकातल्या नायट्रोला मात्र ती आली नाही. ती राइड साधारण ४० मीटर उंच, १०५ किलोमीटरच्या वेगाची, पाच वेळा उलटी होणारी, आणि सुटायच्या आधी पायाखालचा तळच काढून घेतात, पाय नुसते हवेत. खाली उभी राहून आमचे व्हिडिओ काढले तिनं, आणि आम्ही कुणी एका शब्दानं म्हटलं नाही की चल. बाहेर थांबणारीच्या सोबतीला प्रत्येक वेळी एक जण राहायची, आळीपाळीनं, हा आमचा नियम आहे.

अजून एक. अंगानं जाड मैत्रीण असेल तर काही राइड्सवर बार पूर्ण बसत नाही आणि तिला उतरवतात. सगळ्यांसमोर होतं ते, फार वाईट वाटतं. बऱ्याच ठिकाणी लाईनीच्या सुरुवातीला नमुन्याची सीट ठेवलेली असते, तिथं गुपचूप बसून बघता येतं. नसेल तर लाईनीत शिरायच्या आधी तिथल्या माणसाला बाजूला घेऊन विचारा. आमच्यातल्या एकीला असं उतरावं लागलं तेव्हा आम्ही पाचही जणी तिच्याबरोबर उतरलो आणि सरळ पाण्याकडं गेलो.

पाण्यात

घसरगुंडीवर हात छातीवर दुमडलेले आणि घोटे एकावर एक, मान उचलायची नाही. खाली आलं की लगेच बाजूला व्हा, मागनं दुसरी येत असते. लाटांच्या तलावात पोहता येत नसेल तर कमरेएवढ्या पाण्याच्या पुढं जाऊ नका, लाटा चालू व्हायच्या आधी भोंगा होतो, तो ऐकला की एकमेकींपासून थोडं लांब उभं राहा, हात धरून साखळी केली की एक पडली की सगळ्या पडतात. घाबरणाऱ्यांना संथ पाण्यातली ट्यूब आणि वंडरलातला कोमट पाण्याचा रेन डिस्को, तिथं अंधारात नाचायला कुणालाच लाज वाटत नाही, आमची इतिहासवाली तिथं अर्धा तास नाचली.

पाण्यात असलं तरी तहान लागते, कळत नाही. दर तासाला पाणी प्या.

खाणं

बाहेरचं आत नेऊ देत नाहीत. त्यामुळं दशम्या, शेंगाची चटणी, भडंग हे सगळं रेल्वेतच संपवायचं. आत जेवण महाग असतं पण उपाशी राहू नका, हलकं घ्या, दहीभात किंवा इडली, आणि जेवल्यावर तासभर तरी उलटं करणाऱ्या राइडवर बसू नका. ज्यांना शुगर आहे त्यांच्यासाठी बिस्किटं, गोळ्या न्यायला गेटवर सांगितलं तर अडवत नाहीत असा आमचा अनुभव, डॉक्टरची चिठ्ठी जवळ असली तर बरं.

परत येताना

परतीचं तिकीट उशिराच्या गाडीचं काढा. संध्याकाळी म्हैसूर रोडला ट्रॅफिक असतो, आणि बंद होण्याच्या आधी तासभर बाहेर पडलात तर कपडे बदलायच्या खोलीत गर्दी लागत नाही. केस साध्या पाण्यानं चांगले धुवा, क्लोरीन राहिलं की दुसऱ्या दिवशी काथ्यासारखे होतात. ओले कपडे पिशवीत बांधून ठेवले तर सकाळपर्यंत वास मारतात, आम्ही बर्थच्या आकड्याला अडकवतो, बेळगाव येईपर्यंत वाळतात.

मान आणि खांदे दुखणार, बार धरून धरून. दुसऱ्या दिवशीची रजा आधीच टाका आणि घरात सांगून ठेवा की स्वयंपाक कुणीतरी दुसरं बघेल. आमची खानापूरवाली स्टेशनातनं थेट बस स्टँडला गेली, जाता जाता म्हणाली, पुढच्या भिशीचा पहिला हप्ता माझ्याकडनं घ्या.